धुरपताबाईची चढण

धुरपताबाई बद्रीकेदारला निघणार ही बातमी आमगावजवळच्या त्या खेड्यात पसरली आणि लोक तिला जिवंतपणीच रडायला येऊ लागले. त्या काळी तशी रीतच होती. हिमालयाच्या यात्रेला निघालेला माणूस परत येईल असं कुणी धरतच नसे. त्यानं भांडीकुंडी वाटून टाकायची, सगळ्यांची माफी मागायची, गावजेवण घालायचं आणि मागं न पाहता निघायचं. एवढा उंच डोंगर चढायचा तर पायांत बळ लागतं, अंगावर ऊब लागते, याचा विचार करायची रीत मात्र कुणी घालून दिली नव्हती.

धुरपताबाईला या रीतीची चीड होती, आणि तिला तसं कारणही होतं. तिचा नवरा चैतराम काही वर्षांपूर्वी असाच रडारडीत निघाला होता. पाय अनवाणी, अंगात सुती बंडी, आणि डोक्यात एकच गोष्ट की आपण आता काही परतत नाही. केदारच्या वाटेवर गारठून तो बसला तो पुन्हा उठला नाही. सोबतची माणसं सांगत आली तेव्हा गाव म्हणालं, पुण्यवान माणूस, अशा जागी मरण आलं. तेव्हापासून पुण्यवान हा शब्द कानावर आला की धुरपताबाईच्या तळपायाची आग मस्तकात जाई. एक घोंगडी आणि एक जोडा असता तर जो वाचला असता, त्याला पुण्यवान म्हणून मोकळं व्हायचं, हा कसला न्याय?

म्हणून तिनं ठरवलं. केदार पाहायचा, आणि आपल्या पायांनी घरी यायचं.

पण धानाच्या त्या सपाट मुलखात चढ आणायचा कुठून? तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, तेवढा उंच होता. शेजारचा मंगरू पलटणीत राहून आलेला, पहाडात हिंडलेला. तिनं त्यालाच विचारलं.

"पाठीवर वजन घे काकी, अन् हळू चढ," तो म्हणाला. "दम लागला तं उभी राहा, पन बसू नको."

ती रोज सकाळी धानाचं गाठोडं पाठीला बांधून पार चढू लागली. चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. गोंदियाच्या बाजारातून तिनं पुरुषी कॅनव्हासचे जोडे आणले. तलावावर धुणं धुणाऱ्या बायका पदराआड हसत. हसेनात का, त्यांना कुठं चढायचं होतं?

हसण्याचं तिला काही वाटत नसे. रडण्याचा मात्र राग येई. तिची जाऊ अनुसयाबाई एकदा गळ्यात पडून पोटभर रडली आणि डोळे पुसता पुसता म्हणाली, "बाई, तुमचा पितळी गुंड कोनाले देता?"

"मंग मी आल्यावर पानी कायनं भरू?"

अनुसयाबाई आणखीच रडू लागली. म्हातारीचा मोह अजून सुटत नाही, असं तिला वाटलं असावं.

आणि परकी माणसं परवडली, पोटचा मुलगाही त्यातलाच. सुखराम एकदा पारीवर येऊन वैतागून म्हणाला, "माय, देवाच्या दारी जाऊन राहिली तू, अन् हे कायचं सोंग? बाबानं केलं होतं का असं?"

"नाई केलं," ती म्हणाली. "म्हनूनच मी करून राहिली."

सुखराम मान खाली घालून निघून गेला.

निघायच्या सकाळी अंगणात सारं गाव जमलं. रोजच्या चढउतारानं धुरपताबाईच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. पट्ट्या घट्ट गुंडाळून घे, असं मंगरूनं सांगितलं होतं, म्हणून ती खाटेवर बसून पट्ट्यांसाठी गाठोड्यात एखादं जुनं लुगडं शोधत होती. तेवढ्यात तिचा दीर सेवकराम पुढं आला आणि त्यानं तिच्या मांडीवर कोरं पांढरं कापड ठेवलं.

"भौजी, संग असू द्या. परमुलखात कफन भेटन का नाई."

बायकांनी हुंदके काढले. चैतरामलाही त्यानं असंच कापड दिलं होतं, याच अंगणात.

धुरपताबाईनं कापड बोटांनी चाचपलं. चांगलं जाड होतं. तिनं त्याची कड दातांत धरली आणि टरकन फाडली. मग दुसरी पट्टी, तिसरी. हुंदके थांबले. ती वाकून डाव्या पोटरीला पट्टी गुंडाळू लागली.

"भौजी, हे काय करून राहिल्या तुमी?" सेवकरामचा आवाज चिरकला. "तिकडं काही झालं तं अंगावर काय घालतीन?"

"बर्फ हाये ना तिथं," ती म्हणाली. "तुमच्या दादाले तोच पुरला."

सुखराम गाडीला बैल जुंपत होता. त्यानं कासरा सोडला, येऊन मायच्या पायाशी बसला आणि खाली पडलेली पट्टी उचलली. उजव्या पोटरीला ती गुंडाळताना त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या जोड्यावर पडत होतं.

"सैल बांधू नको," धुरपताबाई त्याच्यावर खेकसली. "धानाच्या रोवन्याआंधी मले परत याचं हाये."