न भिजवलेली भिंत

पंचवीस वर्षं मी रंगारी होतो आणि तेवढीच वर्षं गवंड्यांना नावं ठेवत आलो. तुमचा ओबडधोबडपणा आम्ही झाकतो म्हणून घरं बघण्यासारखी होतात, असं चारचौघांत म्हणायचो. जावई गवंडी मिळाला तेव्हासुद्धा माझं तोंड बंद झालं नाही. मग रंगाच्या वासाने छाती भरायला लागली, डॉक्टरांनी ब्रश खाली ठेवायला लावला आणि बावन्नाव्या वर्षी मी त्याच जावयाच्या हाताखाली गिलावा शिकायला उभा राहिलो. घ्या आता.

तो गुणी आहे. कधी तोंडावर बोलला नाही. पहिल्या आठवड्यात मी थापीने वाळू-सिमेंटचा माल भिंतीवर मारायचो आणि निम्मा माझ्याच पायांवर यायचा. "मामा, मनगटातून मारा, खांद्यातून नको," एवढंच म्हणायचा. घमेली वाहणारी बाई मात्र म्हणाली, "काका, भिंत तिकडे आहे."

महिन्याभरात हात बसला. निदान मला तसं वाटलं. तेव्हा एका शिक्षिकाबाईंच्या घराचं काम चालू होतं. तळमजला नीट झाला तर वरचाही आम्हालाच, असा त्यांचा शब्द होता. जावयाने मागच्या खोलीची एक अख्खी भिंत माझ्या हवाली केली. आदल्या संध्याकाळी निघताना म्हणाला, "मामा, विटांवर भरपूर पाणी मारून ठेवा. भिंत पाणी प्यायली पाहिजे."

मी नाही मारलं. आळसाने नाही, अतिशहाणपणाने. रंगाऱ्याला ओली भिंत म्हणजे वैरी. ओलीवर रंग दिला की पोपडे धरतात, हे मी जन्मभर लोकांना शिकवलं. कालचा पोरगा मला भिंत शिकवणार का, असं मनात आलं आणि पाइप गुंडाळून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी गिलावा झकास बसला. रंधा फिरवून भिंत अशी सपाट केली की जावई म्हणाला, "वा, मामा." मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

चौथ्या दिवशी बाई काम पाहायला आल्या. जावयाने सवयीने भिंतीवर बोटं वाजवली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. वर, खाली, कोपऱ्यात, सगळीकडे तसाच. कोरड्या विटांनी मालातलं पाणी शोषून घेतलं होतं आणि गिलाव्याने विटेला धरलंच नव्हतं.

"आधी पाणी मारलं नव्हतं का?" बाईंनी विचारलं.

जावयाने माझ्याकडे पाहिलं.

"मारलं होतं की," मी म्हणालो. पटकन तोंडून गेलं. परत घेता आलं असतं, पण घेतलं नाही.

"मग मालातच चूक झाली, बाई. माल मी बनवला होता," जावई म्हणाला.

त्याने हातोडी घेतली आणि भिंत उतरवायला लागला. मोठमोठे तुकडे सुटून येत होते, आणि मागे विटांवरची धूळसुद्धा धुतलेली नव्हती. त्याने पाहिली, मीही पाहिली. त्याने पुढच्या तुकड्यावर हातोडी मारली. मी घमेली भरभरून बाहेर टाकत राहिलो, म्हणजे त्याच्याकडे बघायला नको.

संध्याकाळी बाईंनी सांगितलं, वरचा मजला दुसऱ्या गवंड्याला दिला.

रात्री लेकीकडे जेवायला होतो. ती नवऱ्यावर करवादली, "मालात चूक? इतकी वर्षं काय करताय मग? माझे बाबा बघा, या वयात शिकतायत, पण काम कसं चोख." तो मान खाली घालून जेवत राहिला. मी हातातला घास परत ताटात ठेवला. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"पाणी मी मारलं नव्हतं," मी म्हणालो. "बाईंशी खोटं बोललो."

लेकीने हातातला डाव खाली ठेवला. मग नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"जाऊ दे ना," तो म्हणाला.

तिने माझ्यापुढचं ताट उचललं. "बाबा, आधी बाईंना सांगून या. मग जेवा."

गेलो. बाईंनी दार उघडलं, उंबऱ्यावरच सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "काम मी देऊन बसले. आता शब्द फिरवता येणार नाही."

"काम मागायला नाही आलो," मी म्हणालो. "त्याचा माल चांगला होता, बाई. भिंत भिजवायला त्याने मला सांगितलं होतं."

शेवटचं वाक्य मला दोनदा बोलावं लागलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.