माझ्या ताटाच्या निम्मं

"काहून लपवून राहिला रे भाकरी? म्या काय तुला इख कालवून घातलं व्हय?"

आई ओसरीवर उभी राहून ओरडत होती. तिच्या हातात माझी कंडक्टरची चामडी पिशवी उलटी लोंबत होती. तिकिटाचं मशीन, चष्म्याचं घर आणि त्यामागून साडेतीन भाकरी फरशीवर पडल्या होत्या. चुगली मुंग्यांनी केली. उंबऱ्यापासून खुंटीपर्यंत त्यांची जी रांग लागली होती, तेवढी रांग आमच्या आगारात दिवाळीलाही लागत नाही. आईच्या आवाजानं कळमनुरीच्या बाजारातले बैल दचकले असतील, आणि बाजार आमच्या घरापासून चांगला दोन कोस. मी बनियनवर उभा. चोर तर होतो, पण स्वतःच्याच ताटातला. असा चोर पकडला गेला तर त्यानं काय बोलावं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

त्याआधीचं सांगायला हवं. मी तेव्हा माणूस नव्हतो, गोदाम होतो. गाडीत दोन बाकांच्या मधून निघालो की डावीकडच्याला आणि उजवीकडच्याला एकाच वेळी माझं पोट लागायचं, आणि दोघंही एकमेकांकडं रागानं बघायचे. एकदा भर गर्दीत मी असा अडकलो की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला तेव्हा कुठं सुटलो. डॉक्टरणीच्या काट्यानं माझ्यापुढं हात टेकले, म्हणून मोंढ्यात जाऊन हळदीच्या काट्यावर उभा राहिलो. हमाल म्हणाला, "साहेब, बारदान वजा करू का?"

डॉक्टरीण वयानं माझ्या मुलीएवढी, पण बोलणं सासूचं. म्हणाली, "काका, असंच चाललं तर गुडघे जातील आणि मग साखर डोळ्यांकडं वळंल. गोळ्या देते, पण खरं औषध तुमच्याकडंच आहे. घास घ्यायच्या आधी पोटाला विचारा, भूक आहे का. हो म्हणालं तर जेवा. बास म्हणालं की उठा, ताटात काही का उरेना."

मला वाटलं, ह्यात काय अवघड. पण पोटाला विचारलं तर पोट गप्प. जन्मात त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, ते बिचारं बावरलं. मग हळूहळू ध्यानात आलं की भूक माझ्या पोटात राहतच नव्हती. ती थांब्याथांब्यावर उभी असायची आणि गाडी थांबली की चढायची. जवळा बाजारला भज्यांच्या कढईजवळ एक, वारंग्याला खिचडीच्या पातेल्याजवळ एक. साहेबांनी झापलं की एक, गाडी वेळेवर पोचली की आनंदाची एक. घरी आईपुढं पाच भाकरी जायच्या, त्यातली कितवी भुकेची आणि कितवी सवयीची ते देवालाच माहीत. बिनतिकिटाचे प्रवासी उतरवावेत तशा मी एकेक भुका उतरवत गेलो. आणि एका दुपारी सिद्धेश्वरच्या अलीकडं गाडी बंद पडली, आसपास ना टपरी ना हॉटेल, तेव्हा पोटात आतून काहीतरी हललं. खरी भूक. तिचा चेहरा मी पन्नाशीत पहिल्यांदा पाहिला. डब्यातली दीड भाकर आणि ठेचा खाल्ला आणि पोट स्वच्छ आवाजात बास म्हणालं.

मग उतरलोच. शर्टाचा तंबू झाला. सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीवर वारा असा सुटला की तिकिटाच्या मशीनचं वजन नसतं तर मी पूर्णेत मच्छीमारांच्या जाळ्यात सापडलो असतो. प्रवासी आवाज खाली आणून विचारायचे, "साहेब, दवाखाना कुठला चालू हाय?" मी फुशारक्या मारायचो. अख्ख्या मार्गावर मी भुकेचा वकील झालो होतो.

बायको एवढं बोलणारी नाही. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, "तुमचं उतरून राहिलं ते समद्या आगाराला दिसून राहिलं. आत्याबाईचं कुणाला दिसून राहिलंय का?"

मी आईकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून लसूण सोलत होती. मनगटातल्या चांदीच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. चोळीच्या बाहीत हात होता, पण बाहीला त्याची खबर नव्हती.

"दुखून राहिलं का तिचं काही?"

"दुखत काय न्हाई. तुमी खाता त्याच्या निम्मं खाऊन राहिल्या."

आई माझ्यानंतर जेवते हे मला माहीत होतं, आमच्याकडं बहुतेक घरांत तसंच. ती माप धरून जेवते, हे माहीत नव्हतं. बायकोला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, कारण आईनं तिलाही ते माप शिकवायला घेतलं होतं. घरातला कमावता जेवढं खाईल त्याच्या निम्मं बाईनं खायचं. वर एक घास गेला तर घराची बरकत जाते. बायकोनं मान डोलावली आणि स्वयंपाकघरात पोटभर जेवत राहिली, तिचं मी कौतुकच करतो. आई मात्र बदलली नाही. तिच्या सासूनं हे माप तिला दुष्काळात घालून दिलं होतं, जेव्हा आईबाबा दोघंही कालव्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. बाबा दम्याचे. एक भाकर खाऊन ताटावरून उठायचे. म्हणजे दिवसभर हातोडा मारून आईच्या वाट्याला अर्धी. दुष्काळ सरला, सासू गेली, बाबाही गेले, माप राहिलं.

पुढं मी कमावता झालो, आणि हावरा झालो. पाच भाकरी खायला लागलो तेव्हा आईच्या वाट्याला अडीच आल्या. तेव्हा तिचं अंग भरलं, गाल वर आले, शेजारणी म्हणाल्या, पोराच्या राज्यात म्हातारी उजळली. माझं पोट सुटत होतं त्या सगळ्या वर्षांत माझी आई जेवत होती. आणि मी गावभर सांगत फिरत होतो की मी आता दीड भाकरीवर आलो.

आईला समजावणं म्हणजे घाटात गाडी मागं घेणं. म्हणून मी चलाखी केली. पुन्हा पाच भाकरी वाढून घ्यायला लागलो. दीड पोटात, बाकीच्या ती पाणी आणायला वळली की मांडीखाली, तिथून पिशवीत. सकाळच्या फेरीला आगाराच्या कुत्र्यांची चैन. एकदा एका बाईनं तिकीट नाकाशी नेलं आणि म्हणाली, "मास्तर, तिकिटाला ठेच्याचा वास येऊन राहिला." पण आई जेवू लागली. बांगड्या कोपरावरून खाली आल्या, मी रोज चोरून बघायचो. मग त्या मुंग्या आल्या.

त्या दिवशी ओरडून झाल्यावर ती भाकरींजवळ खाली बसली. मुंग्या झटकत म्हणाली, "म्हंजे म्या तुझ्याहून जास्त खाल्लं. इतके दिस." अन्न चोरल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. मी माझ्या मोठ्या आवाजात बोललो, मग विनवलं, मग डॉक्टरणीची सगळी शिकवण तिला सांगितली. माझ्या ताटाकडं बघू नको, तुझ्या पोटाला विचार. ती ऐकत राहिली, जसं गाडीतली खाली उतरणारी माणसं माझी सूचना ऐकतात.

त्यानंतर ती माझ्यासमोर बसायची आणि प्रत्येक घास गिळेपर्यंत नजर हलवायची नाही. मी खरोखरच जास्त खाऊन पाहिलं. तीन भाकरींनंतर पोट बास म्हणून ओरडायचं, मी त्याला दाबायचो, पहाटे ते सगळं बाहेर काढायचं. ओकलेलंही ती मापातून वजा करायची.

आईला जाऊन आता दुसरी ज्वारी निघाली. डॉक्टरीण म्हणाली, वय झालं होतं. झालंही असेल. मी गप्पा मारणारा माणूस, मला कुठल्याही गोष्टीत थोडं वाढवून सांगायची खोड आहे. इथं मात्र कमी करून सांगतोय.

जायच्या थोडं आधी तिला दवाखान्यात नेलं होतं. नंबर लागावा म्हणून आम्ही तांबडं फुटायच्या आत निघालो होतो, चहासुद्धा झाला नव्हता. आई बाकावर माझ्या खांद्याला टेकून बसली होती. तिचं वजन खांद्यावर जाणवत नव्हतं, म्हणून मी सारखा वळून बघत होतो. डॉक्टरणीनं तिची नाडी पाहिली, डोळ्याची खालची कड ओढून पाहिली, मग खुर्ची पुढं घेऊन विचारलं, "आजी, भूक लागते का?"

आईनं माझ्याकडं पाहिलं.

"ह्यानं सकाळपसून काय खाल्लं न्हाई," ती म्हणाली.

"त्यांचं नाही, आजी. तुमच्या भुकेचं विचारते."

"तेच सांगून राहिले. ह्यानं अजून खाल्लं न्हाई."