अक्का आणि दोन सरकारं

दोन सरकारांनी करार केला आणि त्यात माझी बहीण गेली.

कुणाला हे जास्त वाटेल. वाटू दे. आज वर्ष झालं.

सुनीतीअक्का देवासला कॉलेजात इंग्रजी शिकवायची. रिटायर झाली, तेव्हाच बागलीकडच्या गावांत एक प्रोजेक्ट आला. आपलं सरकार आणि एक परदेशी सरकार मिळून तलाव बांधणार, उजाड टेकड्यांवर झाडं लावणार.

अक्काला दुभाषी म्हणून बोलावलं. इंग्रजी पक्कं, माळवी त्याहून पक्की.

गावातल्या बायका विचारायला लागल्या, तुम्ही मध्येच निघून गेलात तर?

प्रोजेक्टवर आलेल्या परदेशी मॅडमनी इंग्रजीत उत्तर दिलं. अक्काने ते माळवीत सांगितलं, "काम पूरो होयगो जद तक हम याँज रांगा."

काम पूर्ण होईपर्यंत आम्ही इथेच राहू.

त्या भरवशावर बायकांनी टेकडीवरची चराई बंद केली. रामकुंवरबाईने तर सगळ्या बकऱ्या विकल्या.

मग तिकडे, मॅडमच्या देशात इलेक्शन झालं. नवीन सरकारने प्रोजेक्ट थांबवला. इथल्या ऑफिसला कुलूप लागलं. तलावाची पाळ अर्धीच राहिली, ती पावसात फुटली आणि सगळा गाळ रामकुंवरबाईच्या शेतात.

ती अक्काला एवढंच म्हणाली, "बेन, तू तो बोली थी."

अक्का घरी आली ती जेवलीच नाही.

मी म्हटलं, "अगं, तू फक्त ट्रान्सलेट केलंस."

"त्यांना इंग्रजी कुठे कळत होतं रे? त्यांनी माझंच ऐकलं."

त्यानंतर भोपाळ, दिल्ली, ईमेल, फोन. इकडचे म्हणायचे, तिकडून येऊ दे. तिकडचे म्हणायचे, पॉलिसी रिव्ह्यू चालू आहे. एका साहेबाने तोंडावर विचारलं, "मैडम, ये दो सरकारों का मामला है. आप कौन?"

त्या परदेशी मॅडमचं एकदाच उत्तर आलं. मी आता त्या खात्यात नाही, सॉरी.

अक्काची बायपास झालेली. डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलेला. तरी भर मे महिन्यात बस पकडून बागलीला गेली. मी दारात आडवा उभा राहिलो होतो.

"बाजूला हो. निदान तोंड तरी दाखवून येते."

रामकुंवरबाईच्या अंगणात कोसळली. गावकऱ्यांनी जीपमध्ये घातलं. देवास येईपर्यंत तिचं डोकं रामकुंवरबाईच्या मांडीवर होतं. हॉस्पिटलच्या फाटकाशी मी जीपचं दार उघडलं, तर बाई नुसती मान हलवत होती.

तलाव अजून तसाच आहे. मी जाऊन बघितला.

मागच्या आठवड्यात सरकारी ऑफिसातून फोन आला. दुसऱ्या कुठल्या देशाचं डेलिगेशन येतंय, सुनीती मॅडम अव्हेलेबल आहेत का?

म्हटलं, त्या वारल्या.

"अरे, सॉरी भिया." मग लगेच विचारलं, "फिर कोई और है क्या, माळवी जानने वाला?"

मी फोन ठेवला. कुणावर ओरडू, तेच कळत नाही.

अक्का, मला काहीच करता आलं नाही गं.
तुझ्या धाकट्याचा नमस्कार घे.