तो फ्रॉक फडकं नव्हता

"हे काढ आधी. फोटोत घाण दिसतंय."

असं म्हणून पुण्यासनं जुने कपडे वाटायला आलेल्या एका ताईनं माझा फ्रॉक डोक्यावरनं ओढून काढला. चारचौघांत. मी तिसरीत होते. शमीजवर उभी राहिले. वर ऊन, पायाखाली फुफाटा, आणि समोर अख्खी वस्ती.

मारलं-बिरलं कुणी नाही. उलट त्या ताईनं माझ्या गालाला हात लावला. बाजूच्या बाईला म्हणाली, "गोड आहे गं." मग पोत्यात हात घालून एक गुलाबी फ्रॉक काढला आणि माझ्या अंगात कोंबला. जाळीचा, टिकल्या गळालेल्या. मागची चेन तुटलेली, तिथं सेफ्टीपिन. त्याला कुणा दुसऱ्याच पोरीच्या पावडरीचा वास येत होता. कॅमेरेवाला म्हणाला, "हस."

मी हसले. मोठं माणूस हस म्हणालं की एवढीशी पोर हसते. आता त्याच हसण्यावर लोकांनी काय काय बांधलं, ते पुढं सांगते.

आधी मी काय घातलं होतं ते ऐका. त्या दिवशी जयंती होती. आमच्यात दिवाळी कोरडी गेली तरी चालते, जयंतीला नवं पाहिजे म्हणजे पाहिजे. आईनं वेल्ह्याच्या बाजारातनं निळं कापड आणलं होतं. ताग्यावरनं फाडून घेतलेलं, कोरं करकरीत. तिच्याकडं जुनी हातमशीन होती, त्यावर ती वस्तीतली झंपरं, पोरांच्या चड्ड्या शिवायची. माझ्यासाठी तिनं फ्रॉक शिवला. गोल कॉलर, कमरेला चुण्या, आणि दोन्ही बाजूंना खिसे. शेजारीण हसली होती, "पोरीला खिसं कशाला गं?" आई म्हणाली, "हात घालाया. हात काय पोरांलाच असत्यात व्हय?" घेराला आत चांगली चार बोटं माया सोडली होती. पोर वाढली की उसवायचं आणि लांबी सोडायची.

तो फ्रॉक सकाळीच अंगात गेला होता. त्याच्या इस्त्रीच्या रेघासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या. आणि त्याला घाण म्हणाले.

का म्हणाले? मी लई वर्षं विचार केला त्याचा. त्यावर दुकानाचं लेबल नव्हतं, हे एक. पण खरं कारण तेही नाही. तो आमच्या अंगावर होता. आमच्या अंगावरचं कापड नवं असू शकतं, हे त्या माणसांच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

बरं, काढला तो काढला. ताईनं तो बाजूला टाकला, गाडीच्या चाकापाशी. पुण्यासनं आलेली मोठी गाडी, काचेवर धुळीचा थर. ड्रायव्हरनं खाली वाकून माझा फ्रॉक उचलला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि काच पुसायला लागला. खसाखसा. मी "ओ, ओ" करत होते. कॅमेरेवाला म्हणत होता, "इकडं बघ, इकडं."

आई तिथंच होती. जेवणाच्या पातेल्यापाशी, हातात पळी. तिनं सगळं पाहिलं. ही मंडळी ज्यांच्याबरोबर आली होती त्या मोठ्या मॅडमचा बंगला आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, तोरण्याकडं तोंड करून. तिथली झाडलोट आईकडं होती. आई पळी घट्ट धरून उभी राहिली. मी तिच्याकडं पळत गेले तर एवढंच म्हणाली, "असू दे. मोठी माणसं हायती."

गाडी निघाली तेव्हा फ्रॉक ड्रायव्हरच्या दारात कोंबलेला होता. एक बाही बाहेर लोंबत होती. मी गुलाबी जाळी वर धरून वळणापर्यंत पळाले. धुळीशिवाय काही हाताला लागलं नाही.

घरी आल्यावर आईनं त्या गुलाबी फ्रॉकचं पायपुसणं केलं. उंबऱ्यात टाकलं आणि त्यावर पाय घासून घासून पुसले. तेवढाच तिचा राग.

मी शिवण शिकले ती त्या रागातनं. आईच्या मांडीशी बसून मशीनचं चाक फिरवलं, मग टाका धरला, मग बेतायला लागले. बारावी झाल्यावर पुण्याला फॅशन डिझाइनच्या कॉलेजला मुलाखत दिली. समोर कोण? मोठ्या मॅडम. कॉलेज त्यांच्याच ट्रस्टचं. गावाचं नाव ऐकलं आणि टाळीच वाजवली त्यांनी. "अगं, म्हणजे तू आमचीच!" फी माफ झाली. मार्क माझे होते, चित्रं माझी होती, पण त्या दिवसापासनं मी त्यांची झाले.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाचं पहिलं कलेक्शन असतं. वर्षभर खपायचं आणि एका संध्याकाळी ते रॅम्पवर चालवायचं. बघायला कंपन्यांची माणसं येतात, बुटीकवाले येतात. त्या एका संध्याकाळवर पुढची नोकरी, पुढचं नाव. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना विषय विचारले. कुणी रेशीम म्हणालं, कुणी समुद्र म्हणालं. माझी पाळी आली तर सरच बोलले.

"तू चिंध्या घे. जुने कपडे, ठिगळं. तुझ्या बॅकग्राउंडला सूट होईल."

मी म्हणाले, "सर, मी नवं कापड घेणार."

"त्यात काय वेगळं?"

"सगळंच."

ते हसले. मला हसू आलं नाही.

मी निळं सुती कापड घेतलं. ताग्यावरनं फाडून. आणि तोच फ्रॉक पुन्हा बेतला, पण मोठ्या बायकांसाठी. कुठं घोट्यापर्यंत, कुठं गुडघ्यापर्यंत, कुठं कोटासारखा अंगावरनं घ्यायचा. सगळ्यांना गोल कॉलर, सगळ्यांना खिसे, सगळ्यांना आत भरपूर माया. सर म्हणाले, आतलं जादाचं कापड काप, फॉल नीट येत नाही, म्हणजे झगा सरळ खाली पडत नाही. मी कापलं नाही. घेर पुन्हा बेतला, फॉल आणला. कलेक्शनला नाव दिलं, 'कोरं'.

शो पुण्यात नव्हता. मॅडमच्या ओळखीतल्या कुणाचं भोरच्या बाजूला धरणाच्या पाण्यालगत रिसॉर्ट होतं, तिथं ठेवला. डोंगर, पाणी, मध्ये रॅम्प. दुपारी तालीम होती. रॅम्पच्या मागं घराएवढा स्क्रीन. माझी पाळी आली, गाणं लागलं, आणि स्क्रीनवर मी आले.

गुलाबी जाळीत. हसताना.

वर अक्षरं: चिंध्यांपासून रॅम्पपर्यंत.

निवेदन करणारी ताई कागदावरनं वाचायला लागली. "वेल्ह्याच्या डोंगरातली एक चिमुकली. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांचे जुने कपडे घातले..."

खोटं! साफ खोटं! माझ्या आईनं मला कुणाचं जुनं अंगाला लावू दिलं नव्हतं. तो एक फोटो सोडून.

आणि मग मला कोपरा दिसला. फोटोच्या डाव्या कडेला गाडी. बॉनेटवर वाकलेला ड्रायव्हर. त्याच्या मुठीत निळं काहीतरी, आणि मुठीतनं सुटलेली गोल कॉलर. इतक्या मोठ्या स्क्रीनवर माझा फ्रॉक काच पुसत होता, आणि शेजारी उभे राहून सर म्हणत होते, "पॉवरफुल आहे ना?"

मी थेट मोठ्या मॅडमकडं गेले. "मॅडम, हा फोटो काढा."

"का गं? किती बोलका आहे."

"मला विचारलं नाही. आणि ते लिहिलंय ते खोटं आहे. माझ्या कपड्यांवर बोला."

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कपडे काय गं, सगळेच करतात. ही गोष्ट फक्त तुझ्याकडे आहे. लोक रडतील."

"लोक कपडे बघायला आलेत."

"बरं, बघते मी," म्हणाल्या.

बघते म्हणाल्या म्हणून मी गप्प बसले. मोठ्या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवायची आमची सवय, दुसरं काय.

संध्याकाळपर्यंत आई आली. वेल्ह्याची एसटी, मग हायवेला उतरून कापूरहोळ, तिथनं भोरची गाडी. ठेवणीतलं लुगडं नेसून शेवटच्या रांगेत बसली. लांबनंच मला हात केला.

शो सुरू झाला. रेशीमवालीची पाळी. निवेदन झालं ते रेशमाचं, रंगाचं. मग समुद्रवाल्याची. त्याचंही तसंच. कुणाच्या लहानपणाचा फोटो नाही. कुणाच्या घराचा पत्ता नाही. कुणी कुणाचं उष्टं खाल्लं याची चौकशी नाही. मग माझं नाव पुकारलं.

पडद्यामागं माझी पहिली मॉडेल तयार उभी होती, घोट्यापर्यंतच्या निळ्या झग्यात, खिशात हात घालून. मी फटीतनं स्क्रीन पाहिला.

गुलाबी जाळी. हसणारी मी. चिंध्यांपासून रॅम्पपर्यंत.

मी मॉडेलपुढं हात आडवा घातला. "थांब."

"अगं, म्युझिक लागलंय!"

"लागू दे. थांब म्हणलं ना."

गाणं वाजत राहिलं. रॅम्प रिकामा. खुर्च्यांमधनं कुजबुज सुरू झाली. सर दात-ओठ खात माझ्याकडं आले, "पाठव तिला! पाठव!" मी त्यांच्या बाजूनं बाहेर गेले. मी काही नटलेली नव्हते. गळ्यात टेप, मनगटाला टाचण्यांची गादी. निवेदन करणाऱ्या ताईच्या हातातनं माइक घेतला. तिनं दिला, बिचारी घाबरली होती.

मी म्हणाले, "त्या फोटोत डावीकडं बघा. गाडीची काच पुसायला घेतलंय ते फडकं न्हाई. तो माझा फ्रॉक हाय. त्याच दिवशी नवा घातलेला. माझ्या आईनं शिवलेला. तो माझ्या अंगावरनं काढून मला हे जुनं घातलं, आन् हसायला लावलं. आधी हा फोटो काढा. मग माझं कपडे भाईर येतील."

वर्षानुवर्षं कॉलेजात जपून बोलले होते. त्या वेळी तोंडातनं आईची भाषा आली, आणि मी ती थांबवली नाही.

सगळ्या माना डावीकडं वळल्या. ते मी पाहिलं. मग माइक बंद पडला. पडला कसला, पाडला.

मोठ्या मॅडम पुढच्या रांगेतनं उठल्या. माझ्याकडं नाही आल्या. शेवटच्या रांगेत आई उभी राहिली होती, तिच्याकडं गेल्या. मीही रॅम्पवरनं उडी मारून तिकडं पळाले. मॅडम हळू आवाजात म्हणत होत्या, "समजवा हिला. हिचंच नुकसान होईल."

आई स्क्रीनकडं बघत होती. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण आवाज जराही हलला नाही.

"बाईसाब, तवा म्या गप बसले. बंगल्याचं काम जाईल म्हून. आता मला न्हाई जमायचं."

स्क्रीन काळा झाला. पुढच्या मुलाचं नाव लागलं, त्याचं गाणं लागलं, टाळ्या झाल्या. माझं कलेक्शन चाललंच नाही. वर्षभराचं काम, एक पाऊलसुद्धा नाही. मॉडेलनी कपडे उतरवून दिले, आम्ही दोघींनी घड्या घातल्या आणि पिशव्या घेऊन रस्त्याला आलो.

एसटीत मी रडले. दुःखानं नाही, संतापानं. आईनं मांडीवरच्या झग्याचा घेर उलटवून पाहिला. बोटं लावून माया मोजली. "ब्येस सोडलीस," म्हणाली. कापूरहोळला उतरताना म्हणाली, "त्या डायवरच्या हातातनं म्या तवाच वढून घ्यायला पायजे हुता." मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

निकाल लागला. माझा अडवला. कलेक्शन सादर झालं नाही, शिस्तभंग झाला, असं कळवलं. आई बंगल्यावर जात नाही आता. वेल्ह्याच्या पेठेत आम्ही एक गाळा धरलाय, दोन मशिनी टाकल्यात. माझे निळे कपडे समोरच टांगलेत. बाया येतात, खिशात हात घालून बघतात.

परवा मोठ्या मॅडमचा फोन आला. आवाज तसाच गोड. "झालं गेलं विसरून जाऊ. दोन ओळींची माफी लिहून दे. पुढच्या वर्षी तुझं कलेक्शन घेऊ, सर्टिफिकेटही देऊ. उगाच आयुष्य वाया घालवू नकोस."

मी म्हणाले, "मॅडम, माझा फ्रॉक कुठंय?"

"कुठला फ्रॉक?"

"ज्यानं तुमच्या गाडीची काच पुसली तो. तो आणा. धुऊन, इस्त्री करून. वस्तीत आणा, जिथं काढून घेतला तिथं. कॅमेरेवाला आणायचा असला तर त्यालाही आणा."

"वेड लागलंय का तुला? इतक्या वर्षांपूर्वीचं फडकं..."

"फडकं न्हाई म्हणलं ना!"

मशीन थांबवून आई माझ्याकडं बघत होती. फोन तिकडनं ठेवला गेला.

सर्टिफिकेट नाही दिलं तर नाही दिलं. मी दोन ओळी लिहिणार नाही, अर्धी पण नाही. आधी माझा फ्रॉक येऊ दे. मग माफी कुणी कुणाची मागायची, ते वस्तीसमोर ठरेल.