जिन्यातला दिवा

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत सगळी दुकानं आणि दवाखाने. दुसऱ्या मजल्यावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी बसवले तर वीज कंपनी बिलात सूट देणार होती, म्हणून एका दुपारी पाहणीला एक गृहस्थ आले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

प्रत्येक ट्यूब ते आधी रुमालानं पुसायचे, मग कागदावर लिहायचे. "भंगारात जाणाऱ्या ट्यूबला अंघोळ कसली घालताय?" मी विचारलंच. ते नुसते हसले.

जिन्यातली ट्यूब मात्र कित्येक वर्षं बंद होती. वरच्या मजल्यावर दाताच्या दवाखान्यात जाणारे पेशंट भिंत चाचपडत चढायचे.

"बंद दिव्याला सूट नाही," ते म्हणाले आणि माझ्याच स्टुलावर चढले. खिशातला स्टार्टर काढून बसवला. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. भरदुपारी त्यांनी तिला हात जोडले, घरी तिन्हीसांजेला जोडतात तसे.

"आता चालू आहे. हिचं बिल कोणाच्या मीटरवर लिहू?"

जमलेले दुकानदार एकेक करून आपापल्या दुकानाकडे सरकले. खरं सांगते, मीही वळलेच होते.

"दुकानातला उजेड ज्याचा त्याचा असतो, ताई. जिन्यातला येणाऱ्याचा."

"लिहा माझं," मी फणकाऱ्यानंच म्हटलं.

आता तिथे एलईडी आहे. संध्याकाळी बटण मीच दाबते. काल दाबलं आणि नकळत हात जोडले. वरून एक अनोळखी पेशंट सुजलेला गाल धरून उतरत होता. तो थांबला, आणि गालावरचा हात काढून त्यानंही जोडले.