हाताने ठरवलेला वेग

अक्षता आमच्या शेजारच्या काशम्मांची मुलगी. जुळे सोलापुरातल्या घराच्या वरच्या खोलीत बसून ती पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. संगणकाच्या नेटवर्क कार्डला चालवणारा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. इतरांनी लिहिलेला ड्रायव्हर ती तपासते. शाळेत मी तिची बाई होते, तेव्हाही दुसऱ्या मुलीच्या वहीतली चूक तिला चटकन दिसायची आणि दाखवताना ती जरा हसायची. त्या हसण्याचा मुलींना राग येई. तिला ते कळत नसे.

यंदा उन्हाळ्यात प्रभु नावाच्या सहकाऱ्याने लिहिलेला भाग तिच्याकडे आला. प्रभु तिच्याहून थोडा मोठा, कमी बोलणारा. दोन यंत्रं तारेने जोडली की ती आधी आपसांत बोलून वेग ठरवतात, आणि एकाच वेळी बोलायचं-ऐकायचं की आळीपाळीने, हेही. कधी कधी माणूसच तो हाताने ठरवून देतो. तेव्हाही समोरच्या टोकाशी बोलणं सुरू ठेवायचं, फक्त तेवढाच वेग सांगायचा, अशी सोय प्रभुने केली होती. अक्षताला ती फाजील वाटली. घरच्या स्विचवर, म्हणजे यंत्रांच्या तारा जोडायच्या पेटीवर, तिने त्या सोयीशिवाय चालवून पाहिलं, नीट चाललं. मग सगळ्या टीमला दिसेल असा शेरा लिहिला, 'नको तिथे डोकं चालवलंय. काढून टाका.' पुढे एक हसरा चेहरा.

'समोरचं टोक अंदाज बांधेल आणि चुकेल,' प्रभुने लिहिलं.

'मी चाचणी केलीय,' तिने उत्तर दिलं.

तपासणाऱ्याच्या होकाराशिवाय काम पुढे सरकत नाही. प्रभुने तो भाग काढला.

पुढे ग्राहकांच्या तक्रारी आल्या. तार जोडलेली, दिवा लागलेला, पण माहिती रखडत जायची. एक टोक एकाच वेळी बोलत आणि ऐकत होतं. दुसऱ्याला उत्तर न मिळाल्याने ते आळीपाळीने बोलायचं असं धरून बसलं होतं. बैठकीत साहेबांनी विचारलं, "प्रभु, इतकी साधी गोष्ट सुटली कशी?" तो म्हणाला, "बघतो, सर." अक्षता त्या बैठकीत होती. तिने कॅमेरा बंद केला.

नंतर तिने घरच्या स्विचच्या सेटिंग्ज उघडून पाहिल्या. आधीच्या एका कामासाठी त्याचाही वेग तिनेच हाताने बांधून ठेवला होता, आणि सोडायला विसरली होती. दोन्ही टोकं तिचीच बांधलेली. अंदाज बांधायची वेळ येणार कुठून? हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारी मी काशम्मांकडे बसले होते. अक्षता खाली आली आणि ताटात नुसती भाकरी चुरत राहिली.

"काय गं यव्वा, साहेब रागावला व्हय?" काशम्मांनी विचारलं.

"मला न्हाई. प्रभुला."

"मग तुझं तोंड का उतरलंय?"

"चूक माझी हाय की."

"मग सांग की. जीभ काय गहाण पडलीय?"

"सगळ्यांसमोर लिहावं लागतंय, आई. कायमचं राहतंय तितं."

"आन् त्याला बोललीस ते कुटं बोललीस? कानात?"

अक्षताने माझ्याकडे पाहिलं.

"तितंच," ती म्हणाली.

"मग झालं की."

ती वर गेली. आधी लिहिलं, 'चाचणीत त्रुटी राहिली होती.' ते खोडलं. मग स्वतःच्याच जुन्या शेऱ्याखाली लिहिलं, 'स्विचचा वेग मीच बांधून ठेवला होता आणि विसरले. प्रभुचं बरोबर होतं. माझं हसणंही चुकलं.'

प्रभुचं उत्तर सभ्य होतं, 'ठीक आहे. तो भाग परत घालतोय. तपासायला या वेळी निवेदिताकडे पाठवतो.'

"रागावला असता तर बरं झालं असतं, बाई," अक्षता मला नंतर म्हणाली.

टीममधल्याच निवेदिताचा होकार यायच्या आत तिने तो भाग उघडून ओळ न् ओळ वाचला. मागच्या वेळी निम्माच वाचला होता, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. शेरा लिहायचा तिला आता अधिकार नव्हता. तिने पडद्यावरची ती खिडकी बंद केली आणि ताट विसळायला खाली आली.