परक्या बाईचा डबा

"साडेबाराचं बुकिंग आहे?" आई मागच्या सीटवरून म्हणाली. "मग तुम्ही दोघी जेवा. मी नाही जेवणार."

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. माझी रूममेट गाडी चालवत होती, मी बाजूला फोन घेऊन बसले होते आणि आम्ही अमेरिकेतल्या बेलव्ह्यूहून निघून घाट चढत होतो. मला वाटलं, आईला कशाचा तरी राग आलाय.

"का गं?"

"पौर्णिमा आहे आज. सकाळी अष्टशील घेतलं मी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. आम्ही बौद्ध. एरवी पंचशील, पण पौर्णिमेला काही जण आठ शीलं पाळतात आणि त्यातलं एक असं की दुपारी बारानंतर जेवायचं नाही. मग डायरेक्ट दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. आई नागपूरला शाळेत शिकवायची तेव्हा पौर्णिमेला अकराच्या तासाला पोरांना गणितं घालून स्टाफरूममध्ये डबा संपवून यायची. तिच्यासाठी बारा म्हणजे बारा.

हे सगळं छानच आहे, पण तिला शुगर आहे. मागच्या पौर्णिमेला, इकडे यायच्या आठ दिवस आधी, बँकेच्या कामात तिचे बारा वाजून गेले. मग दिवसभर फक्त मोसंबीचा रस, कारण गाळलेला रस चालतो. संध्याकाळी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. कपाळावर तीन टाके. तिला विमानात बसवून एअरपोर्टवरून बाबांनी मला फोन केला होता, तेव्हा एकच गोष्ट सांगितली. "तिला काही दाखवलं नाही तरी चालेल. वेळेवर जेवू घाल."

आणि मी साडेबाराचं बुकिंग केलं होतं.

खरं तर मला कळायला हवं होतं. तिनं पांढरी साडी नेसली होती, वर माझं जॅकेट, पायात माझे बूट. मला वाटलं, बर्फाला मॅचिंग. फोटोसाठी.

"आई, तू हे आत्ता सांगून राहिली?"

"तू विचारलं का? आणि मी डबा घेतला होता ना. पाचला उठून मेथीचे पराठे केले, बटाट्याची सुकी भाजी केली. म्हटलं, जाताना गाडीत खाऊन घेईन अकराला."

रूममेटनं माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं. निघताना मी तो डबा आईच्या पिशवीतून काढून फ्रिजमध्ये ठेवला होता.

का ठेवला, तेही सांगते. आम्ही चाललो होतो ते स्की रिसॉर्ट इटलीतल्या डोंगरातल्या गावासारखं बांधलंय. तशीच दगडी घरं, तशीच लाकडी गॅलरी, आणि खायच्या जागा सगळ्या इटालियन. आमच्या ग्रुपमध्ये कुठे जेवायचं हे नेहमी मी ठरवते, मला ते जमतं, आणि तीन आठवडे मी या जागांच्या मागे होते. सगळे रिव्ह्यू वाचले. पाच जागा नंबर लावून फोनमध्ये ठेवल्या. एक नंबरवर जी होती तिथे खिडकीतून अख्खा डोंगर दिसतो. आईनं अमेरिकेत येऊन इंडियन बफे सोडून काही खाल्लं नव्हतं. मला तिला तिथे बसवायचं होतं, पांढऱ्या टेबलक्लॉथवर. त्या टेबलावर स्टीलचा डबा निघाला असता तर? म्हणून.

"डबा घरी राहिला, आई," मी म्हटलं. राहिला म्हटलं; मी ठेवला, असं नाही म्हटलं.

"असं का," आई म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

"काकू, सकाळी काय खाल्लंत?" रूममेटनं विचारलं.

"चहा. दोन बिस्किटं. घाटात मला मळमळते ना."

"आणि गोळी?"

"घेतली की."

"पुढच्या गॅस स्टेशनला थांबू," मी म्हटलं.

"आत्ता नको काही. पोटात ढवळून राहिलं. घाट उतरू दे आधी."

आणि घाटाच्या टोकाला गाड्या थांबल्या. वरच्या उतारावर साठलेला बर्फ मुद्दाम पाडतात, तोवर रस्ता बंद ठेवतात. सगळ्यांनी इंजिन बंद केलं. दहा पंचवीस, साडेदहा, दहा चाळीस. मी गाडी पालथी घातली. च्युइंगम सापडलं, आणि प्रोटीन बारचं एक रिकामं पाकीट.

"हे कधी खाल्लंस?"

"मगाशीच," रूममेट म्हणाली. "यार, मला काय माहीत आज रेशनिंग आहे."

आई हसली. मला हसू येत नव्हतं. अकराला रस्ता उघडला. पुढचं गॅस स्टेशन आलं तर त्याच्या तोंडाशीच रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. आत शिरलो असतो तर तिथेच बारा वाजले असते. मी म्हटलं, चल पुढे, तिथे पाच जागा आहेत आपल्याकडे.

पार्किंग गावापासून लांब, तिथून शटल. शटलमधून उतरलो तेव्हा अकरा चौतीस. समोर सगळं फोटोतल्यासारखं होतं, पण मी बघितलंही नाही, आईचा हात धरून निघाले. तिचा हात गार होता. थंडीनं की शुगरनं, हे हातमोज्यातून कळत नव्हतं.

एक नंबरची जागा, आमची बुकिंगवाली: किचन बारा वाजता उघडतं. मी काचेवर टकटक केलं. आतला माणूस छान हसला आणि दारावरच्या वेळेच्या पाटीकडे बोट दाखवलं.

दोन नंबर: उघडी, पण वेटिंग पन्नास मिनिटं.

तीन नंबरला टेबल मिळालं. मी मनात म्हटलं, सुटलो. मेन्यूत बीन्सचं सूप, माझ्या लिस्टमध्ये त्याच्यापुढे तीन स्टार. आई पौर्णिमेला मांस, अंडं खात नाही, म्हणून मी विचारलं. सूप डुकराच्या हाडावर उकळतात. पास्ता ताजा, म्हणजे अंड्याचा. ब्रेड? ब्रेड ओव्हनमध्ये आहे, वीस मिनिटं लागतील. किती अभिमानानं सांगत होती ती मुलगी, सगळं इथेच बनवतो म्हणून.

अकरा शेहेचाळीस.

बाहेर आल्यावर आई एका बाकावर बसली. "तू काऊन धावून राहिली एवढी? रस चालते मला. रस घेईन."

"मागच्या वेळीही रसच घेतला होतास."

"तेव्हा ऊन होतं."

"आई, शुगरला ऊन-थंडी काय कळतं?" माझा आवाज चढला. स्कीवाले वळून बघत होते. "आज मोड ना एक दिवस. कोण बघतंय इथे?"

"कोणी बघते म्हणून घेतलं का मी?" आई हळूच म्हणाली.

तिच्या ओठांवर घाम होता. बर्फात, शून्याच्या खाली, वरच्या ओठावर बारीक घाम. रूममेटनंही तो पाहिला. ती म्हणाली, "कॅफेटेरिया. फ्राइज. मी लाइनमध्ये उभी राहते, तू काकूंना आत बसव." आणि पळाली.

लाइन दारापर्यंत होती. मी आईला घेऊन बाजूच्या खोलीत शिरले, कारण तिथे खुर्च्या दिसल्या. आणि तिथे, खरं सांगते, मी मिनिटभर नुसती उभी राहिले.

ती घरचं खाणाऱ्यांची खोली होती. लांब लाकडी टेबलं, भिंतीला चार मायक्रोवेव्ह आणि प्रत्येक टेबलावर डबे. प्लास्टिकचे, काचेचे, फॉइलमध्ये गुंडाळलेले. हेल्मेट काढलेली लाल गालांची पोरं सँडविच खात होती. माझ्या पाच जागांच्या लिस्टमध्ये ही खोली नव्हती. इथे आईनं स्टीलचा डबा उघडला असता तर कोणी मान वर केली नसती.

अकरा पन्नास. मी आईला खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यात जवळच्या टेबलाकडे गेले. सत्तरीची एक बाई दोन नातवंडांना वाढत होती. मी आयुष्यात कधी परक्या माणसाकडे खायला मागितलं नव्हतं.

"एक्स्क्यूज मी. माझ्या आईला डायबेटिस आहे. इमर्जन्सी आहे. तिला आत्ता काहीतरी खायला..."

ती बाई लगेच उठली. एक डबा उघडला, बटाटा आणि फरसबी घातलेला थंड पास्ता. दुकानातला, सुका, मी विचारून घेतलं, अंडं नाही. हाड नाही. तिनं काटा दिला, नॅपकिन दिला, डॉक्टर बोलावू का विचारलं. मी डबा आईपुढे ठेवला.

आईनं काटा उचलला नाही.

"तू तिला काय सांगितलं?"

"आई, खा."

"इमर्जन्सी म्हणाली तू. मी ऐकलं. इंग्लिश येते मला."

"घामानं भिजलीयस, इमर्जन्सीच आहे ही."

"मग साखर देऊन होते ना. बारा वाजायच्या आत जेवायचं म्हणून मागितलं ना तू? मग ते सांग तिला. खोटं बोलून आणलेलं मी आज कशी खाऊ?"

अकरा त्रेपन्न. मला रडू यायला लागलं, रागानं. मी त्या बाईकडे वळले आणि भराभर सगळं सांगितलं. पौर्णिमा, आठ शीलं, बारा. की आई हे नवस म्हणून नाही, मनानं करते. की घरून डबा निघाला होता आणि तो मी फ्रिजमध्ये ठेवला, मुद्दाम, कारण मला लाज वाटली. हे शेवटचं का सांगितलं मला माहीत नाही. इंग्लिशमध्ये सांगितलं, पण आईला इंग्लिश येतं.

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "माझी आजी रविवारी चर्चहून येईपर्यंत पाणीही घ्यायची नाही," ती म्हणाली. "डोंगरातल्या गावाची होती, खऱ्या इटलीतल्या. तुझ्या आईला सांग, सहा मिनिटं आहेत. बोलू नका, जेवा."

आईनं हात जोडले आणि जेवायला लागली. ती घाई करत नव्हती. एकेक घास नीट चावत होती आणि मी एकदा घड्याळ, एकदा काटा, एकदा तिच्या ओठावरचा घाम असं बघत होते. त्या बाईचा नातू कॉमेंट्री करायला लागला, "टू मिनिट्स लेफ्ट," तेव्हा त्याच्या आजीनं त्याला गप्प केलं. बाराला आईनं काटा खाली ठेवला. डब्यात दोन-चार फरसबीच्या शेंगा उरल्या होत्या. त्या तिनं नाही खाल्ल्या.

बारा वाजून नऊ मिनिटांनी रूममेट फ्राइजचा मोठा ट्रे घेऊन आली आणि आमची तोंडं बघून तिथेच उभी राहिली.

"काय झालं?"

"जेवण," आई म्हणाली. "बस. तू खा ते."

साडेबाराला आम्ही एक नंबरच्या जागी गेलो, कारण आईनं कॅन्सल करू दिलं नाही. खिडकीतून अख्खा डोंगर दिसत होता. पांढऱ्या टेबलक्लॉथवर आईपुढे गरम पाणी होतं. मी मश्रूमचा भात मागवला, तीन आठवडे ज्याची वाट बघितली तो, आणि त्याची चव मला आजही आठवत नाही. मी तिचे हात बघत होते, थरथरतात का.

"त्या बाईचा डबा आहे माझ्या पिशवीत," आई म्हणाली. "धुतला मी बाथरूममध्ये."

"देऊन येते."

"रिकामा?"

मग इथलं सगळ्यात फेमस डेझर्ट, कॉफीत भिजवलेल्या केकचे तीन तुकडे, त्या घासून चरे पडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात भरले. वेटर बघत होता. मला काहीच वाटलं नाही. ती बाई अजून त्याच खोलीत होती, पोरांचे हातमोजे हीटरवर वाळवत. झाकण उघडून ती म्हणाली, "इथे मी पंधरा वर्षं येते आणि त्या रेस्टॉरंटमध्ये एकदाही गेले नाही."

तीनला परत निघालो. घाट उतरताना आई मागे गप्प झाली. आधी मला वाटलं, बाहेर बघतेय. मग आरशात बघितलं तर मान एका बाजूला पडलेली.

"आई?"

काही नाही.

"आई!"

रूममेटनं गाडी कडेला घेतली, ती पूर्ण थांबायच्या आधीच मी दार उघडलं, मागे गेले, तिचे खांदे धरले. कपाळावर टाक्यांची खूण, गुलाबी, अजून ताजी.

"झोपू दे ना गं," ती म्हणाली. "पाचची उठलेली आहे मी."

सकाळी गाडीतच राहिलेलं शुगरचं मशीन मी काढलं. सुई तिनं माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच बोटाला टोचली. एकशे चार, नॉर्मल. मी तो आकडा बाबांना पाठवला, खाली लिहिलं, जेवली, वेळेवर. बाबांनी लगेच विचारलं, काय जेवली?

मी टाइप करायला लागले आणि थांबले. आई माझ्या खांद्यावरून फोन वाचत होती.

"खरं लिही," ती म्हणाली आणि परत डोळे मिटले.